स्क्विड चालू, इंटरनेट चालू, पण कॅशे रिकामाच: पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याचा माग

सांगलीत नदीकडच्या भागात आमच्या संस्थेची लॅब आहे. चाळीस मशिन, सगळ्यांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टम, आणि इंटरनेटची लाइन एकच. म्हणून एका जुन्या मशिनवर स्क्विड बसवला. हा प्रॉक्सी आहे, म्हणजे बाकीच्या मशिनच्या वतीनं बाहेरून फाइल आणणारा आणि तिची प्रत आपल्या साठ्यात, म्हणजे कॅशेत, ठेवणारा प्रोग्रॅम. एका मशिननं एखादं पॅकेज उतरवलं की बाकीच्या एकोणचाळीस जणांना ते लॅबमधल्या लॅबमध्येच मिळावं, एवढीच अपेक्षा होती. ही व्यवस्था मी तीन वेळा दुरुस्त केली आणि तिन्ही वेळा लक्षण तेच: स्क्विड चालू आहे, सगळ्यांना इंटरनेट मिळतंय, एरर कुठेच नाही, पण साठवत काहीच नाही. अपडेटच्या दिवशी चाळीस मशिन एकच फाइल चाळीस वेळा बाहेरून ओढायची आणि शिकवायच्या वेळेत लाइन बसायची.

लक्षण एक असलं तरी कारणं दर वेळी वेगळी निघाली. हे कळायला मला फार वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहितोय. कॉन्फिगमधल्या ओळींची नावं मी बोलतो तशी लिहिली आहेत. फाइलमध्ये त्यांच्या शब्दांच्या मधे अंडरस्कोर येतो, तेवढं लक्षात ठेवा.

आधी एक सवय सांगतो. "कॅशे चालत नाही" हे वाक्य घेऊन कॉन्फिग उघडू नका. एक फाइल धरा. एकच. तिचं नेमकं काय झालं ते शोधा. मी नेहमी उबुंटूच्या रिपॉझिटरीमधली, म्हणजे पॅकेजांच्या भांडारातली, एखादी डेब फाइल धरतो. उबुंटूचं पॅकेज याच रूपात येतं. त्याची दोन कारणं आहेत. एक तर उबुंटूची पॅकेजेस अजूनही साध्या एचटीटीपीवरून येतात, कारण त्यांची खातरजमा डिजिटल सहीवरून होते. दुसरं, डेबच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो, त्यामुळे त्या नावाची फाइल नंतर बदलत नाही. साठवून ठेवायला याहून सोपा माल मिळणार नाही. ही फाइल साठत नसेल तर दोष आपल्याकडेच आहे.

फाइल उतरवणाऱ्या कर्ल कमांडला प्रॉक्सीचा पत्ता आणि ३१२८ हा पोर्ट देऊन ती फाइल दोनदा ओढा आणि उत्तराचे हेडर, म्हणजे फाइलच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळी, बघा. पहिल्या वेळी 'एक्स-कॅशे' या हेडरमध्ये मिस (साठ्यात नव्हती) आणि दुसऱ्या वेळी हिट (साठ्यातून दिली) दिसायला हवं. इथे दोन चुका हमखास होतात. कर्लला कॅपिटल आयचा पर्याय दिला की ते फक्त हेडर मागतं, फाइल येतच नाही, मग साठणार काय? आणि ब्राउझरमधून तपासताना कंट्रोल दाबून एफ-५ मारलं की ब्राउझर स्वतःच "साठवलेलं नको, ताजं आण" असं सांगतो. त्या चाचणीत कधीच हिट दिसत नाही.

मग स्क्विडचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे प्रत्येक मागणीची नोंदवही, उघडा आणि त्याच फाइलची ओळ शोधा. त्यातला शब्द काय सांगतो ते नीट वाचा. टीसीपी मिस म्हणजे बाहेरून आणली. टीसीपी हिट म्हणजे डिस्कवरून दिली, टीसीपी मेम हिट म्हणजे मेमरीतून दिली. टीसीपी रिफ्रेश अनमॉडिफाइड दिसलं तर घाबरू नका. स्क्विडनं मूळ सर्व्हरला फक्त विचारलं, त्यानं "बदललेली नाही" म्हटलं, आणि फाइल आपल्याच साठ्यातून गेली. हे चांगलंच आहे. टीसीपी क्लायंट रिफ्रेश मिस दिसलं तर संशय प्रॉक्सीवर नव्हे, मागणाऱ्या मशिनवर घ्या. टीसीपी स्वॅपफेल मिस म्हणजे स्क्विडच्या यादीत फाइल आहे, पण डिस्कवर हात घातला तर ती सापडली नाही. हा शब्द पुढे येणार आहे.

आणि टीसीपी टनेल. लॉगमध्ये सगळ्यात जास्त ओळी याच असतात, आणि "माझा हिट रेट शून्य का" असं विचारणाऱ्या बहुतेकांचं उत्तर इथेच असतं. एचटीटीपीएसच्या जोडणीत स्क्विड फक्त बोगदा खोदून देतो. आतून काय जातंय ते त्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते तो साठवू शकत नाही. एसएसएल बंप वापरून हा बोगदा उघडता येतो, पण त्यासाठी आपलं स्वतःचं रूट सर्टिफिकेट प्रत्येक मशिनवर बसवावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: विद्यार्थी ज्या मशिनवरून बँक, मेल आणि परीक्षेचे फॉर्म उघडतात तिथे हे करू नये. टनेलच्या ओळी बाजूला काढा आणि उरलेल्या एचटीटीपीच्या ओळींवरच हिट रेट मोजा.

पहिल्या वेळचं कारण साधं होतं. दुपारपर्यंत थोडेफार हिट दिसायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं कोरं. साठा डिस्कवर कुठे ठेवायचा हे कॅशे डिर ही ओळ सांगते, आणि उबुंटूवर स्क्विड बसवला की ती कॉमेंट केलेलीच, म्हणजे बंद, येते. म्हणजे डिस्कवर काहीच जात नाही, सगळं मेमरीत. मेमरीसाठीची मूळ मर्यादा २५६ एमबी, आणि त्यातही ५१२ केबीपेक्षा मोठी वस्तू मेमरीत ठेवत नाहीत. आमच्याकडे रात्री वीज बंद करतात, त्यामुळे जे काही साठलं असेल ते रोज पुसलं जायचं. ओळ चालू केली, डिस्क दिली, स्क्विड थांबवून एकदा 'हायफन झेड' देऊन फोल्डरं तयार केली. संपलं.

डिस्क देताना दोन हिशेब करा. डिस्कची पूर्ण क्षमता त्या ओळीत लिहू नका, सुमारे २० टक्के सोडून लिहा. आणि साठ्यातल्या फाइलींची यादी मेमरीत राहते, ती ६४ बिटच्या मशिनवर दर जीबीमागे साधारण १४ एमबी खाते. ४० जीबीचा कॅशे ठेवला तर ५६० एमबी नुसत्या यादीलाच लागतात. जुन्या मशिनवर हे विसरलं की मशिन स्वॅपवर जातं, म्हणजे मेमरी संपून संथ डिस्क मेमरीसारखी वापरतं, आणि प्रॉक्सी असण्यापेक्षा नसलेला बरा अशी अवस्था होते.

दुसऱ्या वेळी छोटी पॅकेजेस हिट व्हायची, मोठी नाही. लिब्रे ऑफिसचं मूळ पॅकेज, लिनक्स फर्मवेअर, हीच तर वाचवायची होती. फर्मवेअरचं एकच पॅकेज २०० एमबीच्या वर जातं. अशी फाइल चाळीस वेळा ओढली की दिवस गेला. केवढी मोठी फाइल साठवायची हे मॅक्सिमम ऑब्जेक्ट साइज ठरवते, आणि तिची मूळ मर्यादा फक्त ४ एमबी आहे. ती १ जीबी केली, तरी फरक पडेना! कारण ती ओळ मी फाइलच्या तळाशी लिहिली होती, कॅशे डिरच्या खाली. स्क्विड फाइल वरून खाली वाचतो, आणि कॅशे डिरची ओळ आली तेव्हा जी मर्यादा लागू होती तीच त्या डिस्कला चिकटते. ओळ उचलून कॅशे डिरच्या वर ठेवली, रीस्टार्ट केलं, आणि फर्मवेअर दुसऱ्या मशिनवर डोळ्यांदेखत काही सेकंदांत उतरलं.

साठवलेली फाइल किती काळ ताजी धरायची हे ठरवणाऱ्या रिफ्रेश पॅटर्नच्या ओळींनाही क्रम महत्त्वाचा आहे. जी ओळ पहिल्यांदा जुळते ती लागू होते आणि पुढच्या बघितल्याच जात नाहीत. सगळ्यात शेवटी नुसत्या टिंबाची ओळ असते, ती सगळ्यांना जुळते. तिच्या खाली तुम्ही डेबसाठी कितीही छान नियम लिहा, उपयोग शून्य. मी तिच्या वर डेबसाठी १२९६०० मिनिटांची, म्हणजे ९० दिवसांची ओळ ठेवली आहे. आकडे मिनिटांत असतात, सेकंदांत नाही.

तरीही काही मशिनवर मिसच. लॉगमध्ये क्लायंट रिफ्रेश मिस. त्या मशिनवर अ‍ॅप्टच्या (पॅकेज उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल सापडली, तीत 'नो-कॅशे' खरं असं लिहिलेलं. कधीतरी "हॅश सम मिसमॅच" ही एरर आली होती, तेव्हा कुणीतरी इंटरनेटवर बघून हा उपाय केला, आणि नेमकं त्याच मशिनची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, काढून पुढच्या मशिनवर टाकली गेली. हा उपाय एरर घालवतो खरा, पण त्यानंतर ते मशिन प्रत्येक पॅकेज मागताना प्रॉक्सीला "साठवलेलं देऊ नकोस" असं बजावतं. फाइल काढली, प्रश्न मिटला. त्याच फेरीत आणखी एक गोष्ट दिसली: अर्धी मशिन उबुंटूच्या मुख्य पत्त्यावरून आणि अर्धी भारतातल्या मिररवरून, म्हणजे त्याच भांडाराची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, पॅकेज मागत होती. स्क्विड फाइल ओळखतो ती तिच्या पूर्ण पत्त्यावरून. पत्ता वेगळा तर त्याच्यासाठी फाइल वेगळी, आतला माल अक्षरशः तोच असला तरी. सगळ्या मशिनवर एकच पत्ता केला.

आता तिसरी वेळ, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो.

या वेळी कधी व्हायचं, कधी नाही. सोमवारी चाळीस जीबीचा साठा शाबूत, मंगळवारी सकाळी सगळं मिस, बुधवारी काही हिट आणि मधूनच स्वॅपफेल मिस. कॉन्फिगला मी हात लावला नव्हता. डिस्क तपासली, ठीक. कुठली डिस्क कुठे आहे आणि किती भरली ते दाखवणारी डीएफ कमांड दिली तर डिस्क जागेवर माउंट झालेली, म्हणजे ठरलेल्या फोल्डरला जोडलेली, आणि बऱ्यापैकी भरलेली. मालकी बघितली, 'प्रॉक्सी' या युजरचीच. तीन आठवडे मी डिस्कला, केबलला, स्क्विडच्या आवृत्तीला दोष देत होतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, तिचा संबंध आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आम्ही सर्व्हर तळमजल्यावरून वर नेला. वरच्या खोलीत यूपीएसचा पॉइंट एकच. त्यावर सर्व्हर लावला. कॅशेची डिस्क बाहेरची, यूएसबीची, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली. तिच्यासाठी जागा उरली नाही म्हणून तो अ‍ॅडॉप्टर समोरच्या भिंतीवर पंख्याच्या बोर्डात लावला. रात्री आमचे मामा दोन्ही बंद करून जातात आणि सकाळी चालू करतात. वीज आली की सर्व्हर आपोआप सुरू व्हावा असं बायोसमध्ये सेटिंग आहे.

एका सकाळी मी लॉगमध्ये डोकं घालून बसलो होतो. मामा चहा ठेवता ठेवता म्हणाले, "सर, त्यो डब्यावरचा दिवा आज बी उशिरानं लागला बघा. कंप्युटर आधीच चालू झालता."

मी विचारलं, "मामा, रोज असंच होतं?"

"रोज न्हाई. आधी पंख्याचा बोर्ड लावला तर दिवा आधी लागतोय. आधी यूपीएस लावला तर मागनं."

मी तसाच उठलो आणि कॅशे लॉग, म्हणजे स्क्विड स्वतःबद्दलच्या नोंदी लिहितो ती फाइल, सुरुवातीपासून वाचायला घेतला. स्क्विड सुरू होताना डिस्कवरची यादी वाचतो आणि शेवटी किती नोंदी तपासल्या ते लिहितो. त्या सकाळच्या ओळीत "झिरो एंट्रीज स्कॅन्ड" असं होतं. आदल्या चांगल्या दिवशी तोच आकडा हजारांत होता. डिस्क भरलेली असताना स्क्विडला ती रिकामी दिसली, याचा अर्थ त्यानं डिस्क बघितलीच नव्हती.

मग कोडं उलगडलं. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्या डिस्कच्या ओळीला मी 'नोफेल' हा पर्याय दिला होता, म्हणजे डिस्क नसली तरी मशिन सुरू व्हावं. पण नोफेलचा आणखी एक अर्थ आहे: सिस्टमडी (मशिन उठताना सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) त्या माउंटसाठी थांबत नाही. मामांनी आधी यूपीएस लावला की सर्व्हर उठायचा, डिस्क अजून झोपलेली, आणि स्क्विड सुरू व्हायचा. त्याच्यासमोर होतं ते डिस्कच्या जागेवरचं नुसतं रिकामं फोल्डर. इथे स्क्विड ओरडायला हवा होता, पण उबुंटूच्या पॅकेजमध्ये सर्व्हिस सुरू होण्याआधी 'हायफन झेड'ची कमांड आपोआप चालते. तिनं रिकाम्या फोल्डरमध्ये निमूटपणे नवी फोल्डरं बांधली. तिला तिथे लिहिता आलं, कारण डिस्क माउंट करायच्या आधी त्या फोल्डरची मालकी मीच 'प्रॉक्सी'ला देऊन ठेवली होती. ती चूक माझी.

पुढचं आणखी वाईट. मिनिटभरात मामा पंख्याचा बोर्ड लावायचे, डिस्क जागी व्हायची आणि त्याच फोल्डरवर येऊन बसायची. आता डीएफमध्ये सगळं नीट दिसतं. पण स्क्विडनं उघडून ठेवलेली स्वॅप स्टेट ही यादीची फाइल खालच्या, झाकल्या गेलेल्या फोल्डरमधली. आणि नव्या फाइल मात्र तो पत्त्यानं लिहितो, म्हणजे वरच्या डिस्कवर, जुन्या फाइलींच्याच जागी. दुसऱ्या दिवशी क्रम बरोबर लागला की डिस्कवरची जुनी यादी वाचली जायची, त्या जागी भलतीच फाइल सापडायची, आणि लॉगमध्ये स्वॅपफेल मिस.

खात्री करायला स्क्विड थांबवला, डिस्क अनमाउंट केली आणि तेच फोल्डर पाहिलं. रिकामं असायला हवं होतं. आत ०० पासून ०एफपर्यंत सोळा फोल्डरं आणि एक छोटीशी स्वॅप स्टेट फाइल बसलेली होती.

उपाय तीन केले. खालचं फोल्डर रिकामं करून मालकी रूटकडे घेतली आणि डिस्क काढलेली असतानाच चॅटर कमांड 'प्लस आय' देऊन त्याला कुलूप लावलं. आता डिस्क नसताना तिथे रूटलाही काही लिहिता येत नाही. डिस्क माउंट झाली की त्या कुलपाचा डिस्कवर काही परिणाम होत नाही. मग 'सिस्टमसीटीएल एडिट स्क्विड' करून युनिट या भागात 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही ओळ घातली (हे नाव सलग लिहितात, अंडरस्कोर नाही) आणि पुढे कॅशेच्या फोल्डरचा पत्ता दिला. यामुळे डिस्क बसेपर्यंत स्क्विड थांबतो. एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव देण्याऐवजी यूयूआयडी, म्हणजे तिचा कायमचा ओळख क्रमांक, दिला, कारण यूएसबीच्या डिस्कचं नाव दर वेळी तेच येईल याचा भरवसा नसतो. शेवटी डिस्कवरचा जुना, गोंधळलेला साठा पुसून नव्यानं सुरुवात केली. तो वाचवण्यात वेळ घालवू नका, कॅशे आहे तो, परत भरतो. आणि हो, अ‍ॅडॉप्टर यूपीएसवर आणला. खरं तर सुरुवातीलाच तिथे हवा होता.

याची एक किंमत आहे. डिस्क मेली तर आता स्क्विड सुरूच होणार नाही आणि लॅबचं इंटरनेट थांबेल. मला हे मान्य आहे. तीन आठवडे न दिसणाऱ्या बिघाडापेक्षा सकाळी नऊला समोर दिसणारा बिघाड मला परवडतो. त्या वेळेसाठी दोन गोष्टी कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटात आतून चिकटवल्या आहेत: ती जादा ओळ काढायची, कॅशे डिर कॉमेंट करायची. मग स्क्विड नुसत्या मेमरीवर चालतो आणि तास पार पडतो.

ज्यांची डिस्क वेगळ्या जागी माउंट होते त्यांनी आणखी एक बघावं. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्स सिस्टमवर एसई-लिनक्स ही सुरक्षा व्यवस्था त्या फोल्डरला स्क्विडच्या कॅशेचं लेबल मागतो. मालकी बरोबर असूनही "परमिशन डिनाइड" येत असेल तर कारण बहुधा हेच. उबुंटूवर अ‍ॅप-आर्मर या तशाच व्यवस्थेचं स्क्विडचं प्रोफाइल चालू केलं असेल तर नवा पत्ता त्यात लिहावा लागतो.

विंडोजची मशिन असतील तर एक वेगळी अडचण येते. विंडोज अपडेट फाइल तुकड्यांनी मागतं आणि तुकड्याचं उत्तर, म्हणजे २०६, स्क्विड साठवत नाही. रेंज ऑफसेट लिमिट वाढवून पूर्ण फाइल आणायला सांगता येतं. पण ते सरसकट करू नका. मी एकदा सगळ्यांसाठी मर्यादा काढून टाकली होती. एका मशिननं १ एमबीचा तुकडा मागितला की स्क्विड मागच्या मागे अख्खी फाइल ओढायला लागायचा, दुसऱ्या मशिननं मागितला की परत पहिल्यापासून, आणि दुपारपर्यंत लाइन ठप्प. फक्त अपडेटच्या पत्त्यांसाठी एसीएल (कुणाला काय लागू ते सांगणारा नियम) करून तेवढ्यांनाच ही सूट द्या. नाहीतर विंडोजची स्वतःची डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनची सोय चालू करा. शेजारची मशिन एकमेकांना तुकडे देतात आणि प्रॉक्सीला त्रास नाही.

अपडेटच्या दिवशी आम्ही आता सगळी मशिन एकदम सुरू करत नाही. आधी पहिल्या रांगेतलं एक मशिन अपडेट करायचं, ते पूर्ण झालं की बाकीची. एकाच फाइलला एकाच क्षणी चाळीस मागण्या आल्या तर पहिली पूर्ण साठायच्या आतच बाकीच्या बाहेर धावतात. एकाच फाइलच्या मागण्या एकत्र करणारं कोलॅप्स्ड फॉरवर्डिंग चालू करून हे बरंच आटोक्यात येतं, ते मी केलंही आहे, पण एक मशिन आधी हा नियम विद्यार्थ्यांनाही समजतो आणि तो कधी चुकत नाही.

सकाळी आल्यावर कॅशे लॉगमधली ती एक ओळ बघायची सवय मात्र ठेवली आहे. आज मामांनी मुद्दाम आधी यूपीएस लावला. "एंट्रीज स्कॅन्ड"च्या पुढे कालचाच पाच आकडी आकडा होता.